दोघा-तिघांचं रॅप सिंगल आणि त्याचा व्हिडिओ: कोणतं काम कशाच्या आधी

गेल्या जुलैत माझ्याकडे मिक्सिंगला एक फोल्डर आला. एकाच गाण्याचे तीन व्हर्स (प्रत्येक रॅपरचं आपलं कडवं). पहिला ९० बीपीएमवर (मिनिटाला ९० ठोके), दुसरा ९२ वर, तिसरा व्हॉइस नोटमधून उतरवलेला आणि त्यात मागे कुकरची शिट्टी. व्हिडिओ मात्र तयार होता! पोरांनी पहाटे घाटात जाऊन रफ ट्रॅकवर शूट उरकलं होतं. त्यानंतर दुसऱ्याने आपल्या शेवटच्या चार ओळी बदलल्या. आता पडद्यावर ओठ एक बोलतायत आणि कानावर भलतंच पडतंय. ते गाणं अजून आलेलं नाही. तिघंही लिहायला चांगले होते. घोळ झाला तो क्रमाचा.

एकट्याच्या गाण्यात क्रम चुकला तर एकट्याचे दोन दिवस जातात. कोलॅबमध्ये एकाने मागे जाऊन काही बदललं की बाकी सगळ्यांचं पुढचं काम बाद होतं. म्हणून खालच्या टप्प्यांमध्ये काही गोष्टी 'लॉक' करायला सांगितल्या आहेत. लॉक म्हणजे सगळ्यांनी ग्रुपवर 'चालेल' लिहिलं आणि त्यानंतर ती गोष्ट बदलायची असेल तर सगळ्यांच्या परवानगीनेच.

उदाहरणासाठी धरून चाला: एक रॅपर पुण्यात, दुसरा नागपुरात, बीट तिसऱ्याची. बजेट खिशातलं.

## १. आधी कागद, मग बीट

हा टप्पा सगळे गाळतात, कारण 'आपल्यात काय पैशाचं बोलायचं'. आपल्यातच बोलायचं असतं. गाणं चाललं नाही तर भांडण होत नाही. चाललं की होतं.

गाण्यात मालकीच्या दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक म्हणजे शब्द आणि संगीत. दुसरी म्हणजे त्यांचं रेकॉर्डिंग, ज्याला आपण मास्टर म्हणतो. दोन्हींचे टक्के वेगवेगळे लिहा. शब्द-संगीतात बऱ्याच ठिकाणी बीटवाल्याला ५० आणि लिहिणाऱ्यांना मिळून ५० अशी वाटणी होते. हा कायदा नाही, रिवाज आहे, तुम्ही वेगळं ठरवू शकता. मास्टरमध्ये स्टुडिओ, मिक्स आणि व्हिडिओचा खर्च कोणी केला ते धरा. सर्वांत सोपं कलम: आधी खर्च ज्याचा त्याला परत, मग उरलेल्याची वाटणी.

कागदावर एवढं हवंच:

- प्रत्येकाचं खरं नाव, रॅपचं नाव, दोन्ही प्रकारचे टक्के
- व्हिडिओ कोणाच्या यूट्यूब चॅनेलवर जाणार, त्याच्या लॉगिनवर कोणाचा हक्क
- गाण्यात दोघं मुख्य कलाकार, की एक मुख्य आणि एक 'फीचर' (याचा परिणाम शेवटच्या टप्प्यात दिसेल)
- ठरल्या तारखेपर्यंत एखाद्याने व्हर्स दिला नाही तर काय

कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतात. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. 'जगभर, कायमचं' हवं असेल तर तसं लिहा. आणि एखादी कंपनी गीतकाराला किंवा संगीतकाराला 'रॉयल्टीचा हक्क सोडतो' अशा ओळीखाली सही करायला लावत असेल, तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो हक्क असा सोडून देता येत नाही. तिथे पेन खाली ठेवा आणि वकिलाला दाखवा.

टीममध्ये कोणी अठराच्या आतलं आहे का? रॅपमध्ये हमखास असतं. त्याच्या सहीला कराराच्या कायद्यात किंमत नाही, आई-वडिलांना आत्ताच बसवा.

थांबा, बीट कुठून आणली? 'फ्री' लिहिलेली यूट्यूबवरची बीट बहुतेक वेळा फक्त बिनकमाईच्या वापरासाठी फ्री असते. लीजवर, म्हणजे वापरण्यापुरती पैसे देऊन घेतली असेल तर करार वाचा. नॉन-एक्सक्लुझिव्ह लीजमध्ये सहसा कंटेंट आयडीची (यूट्यूबवर गाणं आपोआप ओळखून हक्काचा दावा, म्हणजे क्लेम, लावणारी यंत्रणा) नोंदणी करायला मनाई असते, कारण तीच बीट आणखी पन्नास जणांकडे आहे. आणि बीटमध्ये जुन्या लावणीचा तुकडा कापून टाकला असेल तर रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा आणि शब्द-चालीचा वेगळा. आपल्याकडे रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, पण शब्द आणि चालीचा लेखक-संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं. त्यामुळे 'तबकडी तर आजोबांच्या काळातली आहे' हे पुरेसं नाही.

## २. बीट लॉक: टेम्पो आणि आराखडा

प्रोड्युसरकडून वेव्ह फाइल घ्या, सोबत बीपीएम आणि पट्टी लिहून घ्या. 'नव्वदच्या आसपास' हे उत्तर चालत नाही. फाइल सॉफ्टवेअरमध्ये टाका, सांगितलेला बीपीएम लावा आणि थेट शेवटच्या बारवर जा. तिथे किक (ड्रमचा जाड ठोका) ग्रिडच्या रेघेवर बसली पाहिजे. सुरुवातीला बसते आणि शेवटी सरकते, तर आकडा चुकलाय किंवा फाइल कुठून तरी उतरवलेली आहे.

मग बार मोजा. ९० बीपीएमला चार ठोक्यांचा एक बार २.६७ सेकंदांचा. इंट्रो ४, हुक (पुन्हा पुन्हा येणारं ध्रुवपद) ८, व्हर्स १६, हुक ८, व्हर्स १६, हुक ८, आउट्रो ४ असे ६४ बार झाले, म्हणजे साधारण २ मिनिटं ५१ सेकंद. हेच ६४ बार १४० वर केले तर १ मिनिट ५० सेकंदांतच खेळ खलास. ट्रॅप किंवा ड्रिलवर (अशाच चढ्या बीपीएमच्या रॅप शैली) लिहिणारे इथे फसतात, व्हर्स लिहून होतो आणि गाणं भरतच नाही.

तीन रॅपर असतील तर प्रत्येकी १६ चा हट्ट सोडा, १२ करा. मधला हुक एकदा गाळून दोन व्हर्स सलग जोडले तर गाणं पळतं. चौथा मित्र 'मी फक्त चार बार टाकतो' म्हणत येईल, त्याला ॲडलिब (ओळींमागचे सुटे उद्गार) द्या.

आराखडा लॉक झाला की प्रोड्युसरकडून त्याच लांबीची बीट पुन्हा काढून घ्या आणि नावातच बीपीएम घाला. इथून पुढे सगळ्यांकडे हीच एक फाइल. जुन्या डिलीट करा, खरंच करा.

## ३. लिहिणं: दोन माणसं, एक गाणं

सर्वांत जास्त वेळ इथे द्या.

आधी एका वाक्यात ठरवा की गाणं कशाबद्दल आहे. 'स्ट्रगल' हा विषय होत नाही. 'घर सोडून शहरात आलेल्याला पहिल्या महिन्यात भाडं भरताना काय वाटतं' हा विषय होतो. वाक्य नसेल तर पुणेवाला आईवर लिहितो, नागपूरवाला हेटर्सवर, आणि हुक दोघांपैकी कोणाचाच नसतो.

हुक आधी लिहा आणि दोघांनी मिळून लिहा, फोनवर का असेना. व्हर्स नंतर, आपापले.

मराठीत रॅप लिहिताना एक सापळा कायम असतो: आपल्या वाक्याच्या शेवटी क्रियापद येतं. त्यामुळे यमक फुकटात मिळतं आणि फुकटातलंच वाटतं. असं बघा:

*रोज सकाळी उठतो मी, गर्दीमध्ये घुसतो मी*
*घाम रोज पुसतो मी, स्वतःवरच रुसतो मी*

हे कितीही लांबवता येतं, हाच त्याचा दोष. ऐकणाऱ्याला तिसऱ्या ओळीचा शेवट आधीच कळलेला असतो. क्रियापद आत ढकला किंवा उडवून टाका, शेवट नामावर आणा:

*पीएमटीच्या दांड्याला लोंबतंय शहर*
*पासावरल्या फोटोवर घामाचा थर*

आता शेवटी वस्तू आली. शिवाय दोन्ही ओळी तोंडात अकरा-अकरा. तोंडात म्हणतोय, कारण कागदावरची अक्षरं मोजून फ्लो बसत नाही. 'थर' लिहिताना दोन, बोलताना एक. 'शहर' लिहिताना तीन, बोलताना दोन. एका बारमध्ये सोळा खाने असतात असं धरा. अकरा ते तेरा भरा आणि बाकी श्वासाला सोडा. सोळाच्या सोळा भरलेला बार घरी म्हणता येतो, माइकसमोर आठव्या ओळीला दम लागतो.

बोलीचं काय? नागपूरवाल्याने 'काऊन', 'लय' सोडून पुस्तकी मराठीत लिहू नये आणि पुणेवाल्याने उगाच वऱ्हाडी मारू नये. दोन आवाजांत फरक ऐकू येतो म्हणून तर कोलॅब करायचं. फक्त हुकमध्ये असे शब्द घ्या जे दोघांच्या तोंडी सहज येतात.

जोडणीची जागाही बघा. पहिल्याच्या व्हर्सचा शेवटचा शब्द दुसऱ्याने पहिल्या ओळीत उचलला की दोन वेगळ्या गाण्यांचं एक गाणं होतं. त्यासाठी दुसऱ्याने पहिल्याचा व्हर्स ऐकूनच लिहायला हवं. दोघं एकाच वेळी लिहून एकाच दिवशी पाठवणार असाल तर हे जमणार नाही.

तपासणी: बीट बंद करा, फक्त क्लिक (ठेक्याची टिकटिक) लावा आणि पूर्ण व्हर्स उभ्याने, एकदम म्हणा. अडखळलात ती ओळ लिहिताना चुकली आहे. सराव करून सुधारण्यापेक्षा बदला.

## ४. स्क्रॅच आणि आठवडाभर गप्प

दोघांनी फोनच्या इअरफोनवर का होईना, लॉक केलेल्या बीटवर स्क्रॅच, म्हणजे कच्चा नमुना, रेकॉर्ड करायचा. एकाने तो जोडून दोघांना पाठवायचा. मग सात दिवस ऐकायचं. बसमध्ये, भांडी घासताना, मित्राच्या टपरीवर.

बदलायचं ते आत्ता. सातव्या दिवशी शब्दांचा एकच दस्तऐवज तयार करा आणि प्रत्येक ओळीपुढे बार नंबर टाका. हाच पुढे रेकॉर्डिंगला, शॉट लिस्टला आणि सबटायटलला लागेल. शिव्या असतील तर 'क्लीन' आवृत्तीत तिथे काय म्हणणार हेही याच कागदावर लिहा. बीप टाकण्यापेक्षा दुसरा शब्द बरा.

आणि लॉक. फोल्डरवाल्या पोरांचं गाडं नेमकं इथे घसरलं होतं.

## ५. खरं रेकॉर्डिंग

दोन शहरांत दोन खोल्या असल्या तरी नियम एकच ठेवा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो, वेव्ह. व्हिडिओचा आवाज ४८ वर चालतो, म्हणून सुरुवातीपासूनच ४८.

स्टुडिओ परवडत नसेल तर लहान खोली निवडा, कपाटाचं दार उघडं ठेवा आणि पाठीमागे दोन गोधड्या टांगा. माइकच्या मागे टांगून फार उपयोग नाही. माइक पुढून ऐकतो, त्यामुळे तुमच्या डोक्यामागच्या भिंतीवरून परतणारा आवाज अडवायचा असतो. पंखा बंद. मे महिना असेल तर पहाटे करा, पण बंद. फ्रिजही. (फ्रिजमध्ये मोटारसायकलची किल्ली ठेवा म्हणजे तो परत चालू करायला विसरणार नाही. ही युक्ती मी दूध नासल्यावर शिकलो.)

माइकपासून तोंड एक वीत. मध्ये पॉप फिल्टर, कारण 'भ', 'फ', 'प' हवेचा गोळा फेकतात. तुमची सर्वांत जोरातली ओळ म्हणून बघा आणि लेव्हल अशी ठेवा की शिखर उणे १० डेसिबलच्या आसपास राहील. लाल दिवा एकदा जरी लागला तरी तो टेक गेला. फाटलेला आवाज मिक्समध्ये शिवता येत नाही.

ब्लूटूथ हेडफोन लावून रेकॉर्ड करू नका. त्यात आवाज उशिरा पोचतो आणि तुम्ही बीटच्या मागे पडता. वायरचा साधा दोनशे-तीनशेचा इअरफोन चालेल, पण कानातली बीट माइकमध्ये सांडत नाही ना ते बघा.

क्रम असा ठेवा:

१. लीड, म्हणजे मुख्य आवाज. पूर्ण व्हर्सचे तीन-चार टेक, मग अडलेल्या जागी पंच-इन (तेवढाच तुकडा पुन्हा रेकॉर्ड). एकेक ओळ तोडून पंच केलेला व्हर्स ऐकताना कळतो, श्वासच नसतो त्यात.
२. डबल, म्हणजे त्याच शब्दांचा दुसरा थर. फक्त ओळींच्या शेवटांचे आणि ज्या शब्दांवर जोर हवा त्यांचे.
३. ॲडलिब. शेवटी, आणि एकमेकांच्या व्हर्सवरही. नागपूरवाल्याचा 'हाव!' पुणेवाल्याच्या ओळीमागे आला की दोघं एका खोलीत आहेत असं वाटतं.

पाठवताना प्रत्येक ट्रॅक वेगळा, सगळे गाण्याच्या शून्यापासून सुरू होणारे. तुमचा व्हर्स दीड मिनिटाला येत असेल तर आधीचं दीड मिनिट शांतताही फाइलमध्ये हवी. रिव्हर्ब, ऑटोट्यून काढून कोरा आवाज द्या. इफेक्टवाली प्रत नमुना म्हणून वेगळी. नाव 'फायनल_फायनल२' नको: गाणं, कलाकार, लीड की डबल, बीपीएम. ड्राइव्हच्या लिंकने पाठवा.

तपासणी: आलेल्या सगळ्या फाइली रिकाम्या प्रोजेक्टमध्ये शून्यावर टाका आणि प्ले करा. काहीही न सरकवता गाणं जुळलं पाहिजे.

## ६. मिक्स, मास्टर आणि सर्वांत मोठं लॉक

मिक्सवाल्याकडे दोन माइक, दोन खोल्या येणार, तो त्यांना जवळ आणेल. तुमचं काम एवढंच की सुधारणा सगळ्यांनी मिळून एका यादीत, मिनिट-सेकंदासह द्यायच्या. 'थोडं अजून भारी' ही सुधारणा नव्हे. 'एक-बारा ते एक-पंधरा, शब्द बीटखाली दबतोय' ही सुधारणा. आणि प्रत्येक रॅपरला आपलाच आवाज कमी वाटतो, हे आधीच मान्य करून टाका.

ऐकायचं कुठे? फोनच्या स्पीकरवर, स्वस्त इअरफोनवर, एखाद्या गाडीत. फोनवर ८०८ चा बेस (हिप-हॉपमधला खोल, घुमणारा ठोका) जवळपास गायब होतो. तिथेही ठेका कळला तर मिक्स बरा आहे.

स्पॉटिफाय उणे १४ लफ्सच्या (गाण्याच्या एकूण जोराचं माप) आसपास आवाज समान करतं, त्यामुळे मास्टर चेपून चेपून वीट करण्यात अर्थ नाही. शिखर उणे १ डेसिबलच्या खाली. मागून घ्यायच्या आवृत्त्या: मुख्य, क्लीन, इन्स्ट्रुमेंटल (नुसती बीट), अकापेला (नुसता आवाज). शेवटच्या दोन सहा महिन्यांनी स्टेज शोच्या आदल्या रात्री लागतात आणि तेव्हा मिक्सवाला फोन उचलत नाही. (मी उचलत नाही.)

थांबा: मास्टर लॉक झाल्याशिवाय कॅमेऱ्याची बॅटरीसुद्धा चार्ज करू नका.

## ७. शूटची तयारी

मास्टरवरून प्लेबॅक फाइल बनवा. गाण्याचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याआधी बोललेलं नाव ('व्हर्स दोन') आणि चार क्लिक. नाहीतर प्रत्येक टेकला कोणीतरी फोनवर बोट सरकवत '…थांब, पुढे गेलं' करत बसतो आणि उजेड निघून जातो. फोन एअरप्लेन मोडवर.

शॉट लिस्ट बार नंबरने लिहा: बार १३ ते १६, रॅपर एक, गच्ची, मिड. ओळीत जे म्हटलंय तेच दाखवू नका. 'दांड्याला लोंबतंय शहर' या ओळीवर बसचा दांडा दाखवला की ओळ मेली.

कॅमेरा सेटिंग सगळ्या कॅमेऱ्यांवर आणि दोन्ही शहरांत सारखं: २५ फ्रेम, शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि एलईडीखाली यात लुकलुक होण्याचा धोका सर्वांत कमी. फोनवर शूट करत असाल तर साध्या कॅमेरा ॲपमध्ये करू नका. फ्रेम रेट कमी-जास्त होत राहतो आणि दोन मिनिटांनी ओठ सरकतात. २५ वर पक्कं बसवता येणारं ॲप वापरा.

परवानग्या. राज्यात सार्वजनिक जागांसाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. गोव्यात हे काम एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा बघते. रेल्वे स्टेशन आणि लोकल म्हणजे रेल्वेची वेगळी परवानगी. संरक्षित किल्ला म्हणजे पुरातत्त्व खात्याची. 'आम्ही तर फोनवर काढतोय' हे उत्तर ट्रायपॉड उघडेपर्यंतच चालतं. खासगी गच्ची, मित्राचं गॅरेज, काकांचं गोदाम यांसाठीही दोन ओळींचं लेखी घ्या. ड्रोन उडवायचा तर डिजिटल स्कायच्या (सरकारचं ड्रोन पोर्टल) नकाशावर आधी जागा बघा, पुणे-मुंबईत विमानतळांमुळे बराच भाग लाल किंवा पिवळा निघतो.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, तो नियम शूटलाही लागू. रात्रीचं शूट असेल तर एका कानात छोटा इअरफोन लपवा. खेळण्यातली पिस्तूल रस्त्यावर काढू नका. लांबून ती खेळण्यातली आहे हे कोणालाच दिसत नाही.

कपड्यांवरचे मोठे लोगो आणि गाड्यांचे नंबर आदल्या दिवशीच बघा. एडिटमध्ये ब्लर करायला एक रात्र जाते.

## ८. शूटचा दिवस

पहिला शॉट हुकचा, दोघं एकत्र. सकाळी सगळे हजर असतात, अंगात जोर असतो आणि कोणी उन्हाने वैतागलेलं नसतं. वडापाव दुपारी येतो, त्यानंतरचे दोन तास चेहऱ्यावर दिसतात. तेव्हा बी-रोल (रॅप नसलेले जोड-शॉट) काढा.

प्रत्येक लोकेशनवर प्रत्येकाचा पूर्ण व्हर्स तीनदा: वाइड, मिड, क्लोज. तुकड्या-तुकड्यांनी नाही, सलग. आणि जो म्हणत नाहीये तोही फ्रेममध्ये हवा, ऐकताना, मान हलवताना. हे विसरल्यामुळे कित्येक कोलॅबचे व्हिडिओ दोन वेगळ्या गाण्यांचे ट्रेलर वाटतात.

नुसते ओठ हलवू नका, पूर्ण आवाजात म्हणा. म्हणताना गळ्याची शीर ताणते, छाती भरते. कॅमेऱ्याला ते दिसतं आणि नसलेलंही दिसतं.

ओठ जुळलेला स्लो मोशन हवा असेल तर ५० फ्रेमवर शूट करा आणि प्लेबॅक दुप्पट वेगाने लावा. २५ वर आणल्यावर ओठ बरोबर बसतात. हुकसाठी जमतं. व्हर्स दुप्पट वेगाने म्हणायला गेलात तर जीभ वळणार नाही.

नागपूरचं युनिट वेगळं शूट करणार असेल तर पुण्याच्या फ्रेमचे स्क्रीनशॉट त्यांना पाठवा: लेन्स, कॅमेऱ्याची उंची, डोक्यावर किती जागा, दिवसाची वेळ. पुण्यात संध्याकाळचं सोनेरी ऊन आणि नागपुरात दुपारचं पांढरं, हे ग्रेडिंगने एक होत नाही.

डेटा: १०० मेगाबिटवर फोर-के साधारण तासाला ४५ जीबी खातं. कार्ड फॉरमॅट करण्याआधी दोन वेगळ्या डिस्कवर प्रती, आणि प्रत उघडून बघितलेली. नुसती निळी पट्टी पूर्ण झाली म्हणून विश्वास ठेवू नका.

तपासणी: लोकेशन सोडण्याआधी शॉट लिस्टवर बार नंबरने टिका. ज्या बारचा एकही शॉट नाही तो आत्ताच घ्या.

## ९. एडिट

टाइमलाइनवर आधी मास्टर टाका आणि तो ट्रॅक कुलूपबंद करा. कॅमेऱ्याने पकडलेल्या स्पीकरच्या आवाजावरून क्लिप आपोआप जुळवता येतात, पण लांबून घेतलेल्या शॉटला यावर भरवसा ठेवू नका. आवाजाला ३४ मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, म्हणजे २५ च्या हिशेबात अडीच फ्रेम. ओठ तेवढ्यानेच पुढे-मागे दिसतात. ड्रोनमध्ये तर आवाजच नसतो.

मग हाताने कसं जुळवायचं? पवर्ग शोधा: प, फ, ब, भ, म. मराठी बोलताना यांना ओठ जवळ येतातच. आवाजातला 'म' आणि ओठ मिटलेली फ्रेम एकमेकांवर बसवली की सगळी ओळ बसते. प्रत्येक क्लिपमध्ये सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक असे दोन तपासा.

प्रत्येक ठोक्यावर कट मारू नका. ९० बीपीएमला ठोका साडेसोळा-सतरा फ्रेमचा असतो. त्या तालावर तीन मिनिटं कट बघितले की डोकं दुखतं. चांगली ओळ आली की कॅमेरा चार बार तिथेच ठेवा.

सबटायटल लावणार असाल तर युनिकोड फॉन्टच वापरा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. 'दुसऱ्या', 'कृत्य', 'श्रावण', 'किल्ली' हे चार शब्द टाइप करून बघा. यातली एखादी वेलांटी उडाली किंवा 'ऱ्या' तुटला तर फॉन्ट किंवा सॉफ्टवेअर बदला. मराठी गाण्यावर मोडकी मराठी वाचवत नाही.

रिल्ससाठी उभे तुकडे काढताना आडव्या फ्रेमचा मधला पट्टा कापू नका, दोघांपैकी एक बाहेर जातो. शूटच्याच दिवशी हुक आणि प्रत्येकाच्या चार ओळी उभ्या काढून ठेवल्या असतील तर आत्ता डोक्याला ताप नाही.

## १०. रिलीज

डिस्ट्रिब्यूटरकडे (स्पॉटिफायसारख्या ॲपवर गाणं पोचवणारी कंपनी) गाणं तीन-चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या आर्टिस्ट पॅनेलमधून संपादकांना पिच रिलीजच्या किमान सात दिवस आधी जावं लागतं, तेव्हाच ते फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये (नव्या गाण्यांची आपोआप बनणारी यादी) येतं. आदल्या रात्री चढवलेल्या गाण्याला यातलं काहीच मिळत नाही.

फॉर्म भरताना तीन गोष्टी तपासा. पहिली: कलाकाराचं नाव त्याच्या चालू प्रोफाइलला जोडलंय का. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक पडला की तिसऱ्याच कोणाच्या पानावर गाणं उगवतं. दुसरी: दोघंही मुख्य कलाकार असतील तर गाणं दोघांच्या पानावर मुख्य यादीत दिसतं, 'फीचर' असेल तर त्याच्या पानावर खाली, इतरांच्या गाण्यांत. पहिल्या टप्प्यातला कागद काढा आणि तसंच भरा. तिसरी: शिव्या असतील तर 'एक्स्प्लिसिट'वर खूण. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल.

प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी, म्हणजे ओळख क्रमांक, मिळतो. ऑडिओचा वेगळा, व्हिडिओचा वेगळा, क्लीनचा वेगळा. लिहून ठेवा, डिस्ट्रिब्यूटर बदललात आणि जुना आकडा दिला नाहीत तर ऐकल्याची मोजणी शून्यापासून सुरू होण्याची भीती असते.

थांबा: डिस्ट्रिब्यूटरच्या फॉर्ममध्ये 'यूट्यूब कंटेंट आयडी' वर टिक करण्याआधी बीटची लीज पुन्हा वाचा. एक्सक्लुझिव्ह असेल आणि टिक केली असेल, तर व्हिडिओ ज्या चॅनेलवर जाणार तो व्हाइटलिस्टमध्ये (क्लेम न लावायच्या यादीत) आधीच घालून घ्या. नाहीतर रिलीजच्या सकाळी तुमच्याच व्हिडिओवर तुमच्याच गाण्याचा क्लेम येतो आणि दोघं एकमेकांना फोन करून विचारतात, 'तू केलंस का?'

व्हिडिओ आदल्या दिवशी अनलिस्टेड चढवा. फोर-के प्रोसेस व्हायला वेळ लागतो. लगेच पब्लिक केला तर पहिले बघणारे धूसर बघतात. वर्णनात दोघांची नावं, बीट, मिक्स, कॅमेरा, एडिट, आणि ज्यांनी गच्ची दिली ते काका.

रिलीजच्या आठवड्यातच दोन कामं उरका. लिहिणारे आणि बीटवाला यांनी आयपीआरएसमध्ये (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासद होऊन गाण्याची नोंद करायची, कागदावरच्याच टक्क्यांनी. टक्के जुळले नाहीत की नोंद वादात अडकते. आणि बीट, स्टेम (वेगवेगळे ट्रॅक), मास्टर, प्रोजेक्ट फाइल, सह्यांचा कागद आणि आयएसआरसींची यादी असा एक फोल्डर करून दोघांकडे एकेक प्रत द्यायची. नागपूरवाल्याची डिस्क कुरिअरने जाईल, फेसाच्या पाकिटात गुंडाळा.